परवान्यावर साहेबांचं नाव

तुम्ही असतात तर हे मला करू दिलं नसतंत. म्हणून आधी बातमी सांगते, भांडण मग करू.

रणजितसाहेबांच्या कंपनीचा परवाना रद्द झाला. शिकलेली माणसं बाहेरच्या देशातून कामाला न्यायची जी परवानगी तिकडच्या सरकारने त्यांना दिली होती, ती काढून घेतली. स्कॉटलंडमध्ये त्यांचं शेड आहे, गाड्या आहेत, दारावर पाटी आहे. पण आता इथून एकही इंजिनियर त्यांना नेता येणार नाही. शुभांगीने तिकडून फोन करून सांगितलं तेव्हा मी वॉर्डात होते. फोन ठेवला, एका म्हातारीचं सलाईन संपत आलं होतं ते बदललं, आणि मग व्हरांड्यात येऊन पोटभर हसले. दवाखान्यातल्या मावशी घाबरल्या. "सिस्टर, काय झालं वो? पानी देऊ का?" तुम्ही गेल्यापासून त्यांनी मला हसताना पाहिलं नव्हतं.

गेलेल्या माणसाशी शांत मनाने बोलावं, असं तुमची आत्या सांगून गेली. माझं मन शांत नाही. जसं आहे तसं बोलते.

तुम्हीही मला सिस्टरच म्हणायचात. सगळा पाटोदा दवाखान्यात सिस्टर म्हणतो, मग मी कावून म्हणू नये, असं तुमचं म्हणणं. आई चुलीपुढून ओरडायच्या, "बायकूला सिस्टर म्हंतोस, लाज वाटत न्हाई का तुला?" आणि तुम्ही मुद्दाम अजून जोरात हाक मारायचात. आता घरात मला कुणी काहीच म्हणत नाही. आई 'ए पोरी' म्हणतात. तेवढंच.

मला पाहायला आला होतात तेव्हाचं आठवतं. सगळे बैठकीत बसलेले, मी चहा घेऊन आले, तर तुमचं लक्ष माझ्याकडे नाहीच. माझ्या वडिलांना म्हणालात, "मामा, बोअरच्या मोटारीचं बेअरिंग गेलंय का? आवाज येतोय." वडील म्हणाले, महिना झाला. तुम्ही इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि तडक पाठीमागं गेलात. तुमचे मामा कपाळाला हात लावून बसले. मी खिडकीतून बघत होते. हाताला ग्रीस लागलं होतं, चेहऱ्यावर एवढी खुशी होती, आणि मी त्याच वेळी ठरवून टाकलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं. तुम्ही उगाच समजत राहिलात की मी तुमची पवनचक्कीवरची नोकरी बघून हो म्हणाले.

लग्नानंतर तुम्ही मला माळावर न्यायचात. पवनचक्कीच्या बुडाशी गाडी लावायची, डोळे मिटून उभं राहायचं. "ऐक, सिस्टर. ह्या चक्कीला काय होतंय सांग." मला नुसता भुंगा ऐकू यायचा. तुम्हाला वर गिअरचा कुठला दात झिजलाय तेही कळायचं. पालीला घाबरणारा माणूस, पण सत्तर-ऐंशी मीटर उंच शिडी अशी चढायचात, जसं कुणी गच्चीवर वाळवण घालायला जावं. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटायचा आणि भीतीही. भीती उंचीची वाटायची. ती चुकीच्या गोष्टीची होती.

मग रणजितसाहेब आले. गेवराईकडचं मोठं घर, चुलते पुढारी. साहेब इंग्लंडला शिकले, पुढे स्कॉटलंडला भागीदारीत पवनचक्क्यांच्या दुरुस्तीची कंपनी काढली. पांढरी गाडी आपल्या वस्तीत आली तेव्हा विहारापासून लोक मागे आले होते. आपल्या घरी बसून त्यांनी चहा घेतला. तुम्ही दोन दिवस तेच सांगत होतात. आई म्हणाल्या, "चहा पिला म्हंजी उपकार केले का? आपली साखर लागली त्याला." तुम्ही हसलात. आम्ही दोघी नाही हसलो.

साहेबांनी समजावून सांगितलं की तिकडे तुमच्यासारखा माणूस मिळत नाही, म्हणून तिथलं सरकार कंपन्यांना बाहेरून कुशल माणसं आणू देतं. मी कागद बघितले. कुशल कामगार, पवनचक्की अभियंता, तुमचं नाव, आणि नावाच्या वर कंपनीचं नाव.

"तुमच्या परवान्यावर त्यांचं नाव कावून?" मी विचारलं.

"तसंच असतं गं," तुम्ही म्हणालात. "मला तिकडं काम करायची परवानगी न्हाई. त्यांच्याकडं काम करायची परवानगी हाय."

"आणि त्यांच्याकडं नाही जमलं तर?"

"कावून न जमायला? आपल्याच भागातला माणूस हाय."

तुम्हाला त्या वाक्याचा केवढा आधार होता! आपल्याच भागातला माणूस. पाटोद्याच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. बीडचा हिरा सातासमुद्रापार. कोपऱ्यात तुमचा फोटो, मध्ये साहेबांचा. तुमच्या मित्रांनी त्याच्यापुढे फटाके लावले.

पहिले काही महिने बरे गेले. समुद्रातल्या चक्क्या व्हिडिओवर दाखवायचात. इम्रान आणि शुभांगी तुमच्यानंतर गेले. गेवराईचा इम्रान रोज मटण करायचा म्हणून तुम्ही खूश. शुभांगी शिरूर कासारकडची, आई-बाप अजून ऊसतोडीला जातात, आणि पोरगी इंजिनियर होऊन विमानात बसली. तुम्ही दोघांचे दादा झालात. मला वाटलं, चला, एकटे नाहीत.

मग समुद्र दिसायचा बंद झाला. फोन शेडमधून यायला लागले. तुम्ही म्हणालात, सध्या पात्यांचं काम आहे. सध्या, सध्या करत हिवाळा आला. जुनी पाती घासून त्यांचा वरचा थर काढायचा, भेगा भरायच्या, परत घासायचं. त्याला अभियंता लागत नाही. कागदावर मात्र तुम्ही अभियंताच होतात, कारण कागदावर घासणारा लिहिला असता तर परवाना मिळालाच नसता. तुमच्या भुवयांवर पांढरी भुकटी असायची. मी विचारलं, "मास्क?" तुम्ही गळ्यात लोंबणारा कापडी मास्क दाखवलात. मी नर्स आहे हो. तो मास्क मी झाडूवालीलाही देणार नाही.

आणि खोकला सुरू झाला. कोरडा, आतून येणारा, बोलणं तोडणारा. तुम्ही फोन तोंडापासून लांब धरून खोकायचात, मला ऐकू येऊ नये म्हणून. जो माणूस मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग ओळखतो त्याला वाटलं की त्याच्या बायकोला खोकला ओळखू येणार नाही.

"डॉक्टरला दाखवा."

"दाखवतो."

"कधी?"

"रजा बघतो."

रजेचं पुढे समजलं. तुम्ही साहेबांना विचारलं होतंत. ते म्हणाले, परदेशी कामगार गैरहजर राहिला की कंपनीला सरकारी खात्याला कळवावं लागतं, मग परवान्याचं आपल्या हातात राहत नाही. आणि छातीचा आजार एकदा नोंदला गेला की नूतनीकरणाला अडचण. पहिल्यात अर्धं खरं होतं. कुणी न सांगता बरेच दिवस आलाच नाही तर कळवावं लागतं. आजारपणाच्या रजेचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसरं तर सरळ खोटं. हे दोन्ही मी नंतर इथे पाटोद्यात बसून मोबाईलवर शोधून काढलं. ते कुणालाही वाचता येईल असं उघड्यावर पडलेलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत, कारण सांगणारा आपल्या भागातला होता.

आपलं मोठं भांडण तेव्हाच सुरू झालं. मी म्हणत होते, तक्रार करा. तुम्ही म्हणत होतात, कंपनीचा परवाना गेला तर इम्रानचा आणि शुभांगीचाही जातो. त्यांना थोडक्या दिवसांत दुसरी कंपनी मिळाली नाही तर पहिल्या विमानानं घरी.

"मग येतील घरी. मरणार तर नाहीत."

"सिस्टर, तिची आई उसाच्या फडावर कोपीत राहते. पोरीच्या जिवावर चाललंय सगळं. मी कसं बोलू?"

मी रागानं फोन ठेवला. तुम्ही परत केलात. तो मी घेतला. आपल्या भांडणात तेवढं चांगलं होतं, परत केलेला फोन आपण नेहमी घ्यायचो.

तुम्ही परत आलात ते स्वतःची बॅग उचलता येत नव्हती म्हणून. इम्राननं तिकीट काढून विमानात बसवलं. संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे काचेवर लावला आणि मला बाजूला बोलावलं. मी त्यांच्या बोलायच्या आधीच बघितला होता. "दोन-तीन महिने आधी दाखवलं असतं तर," ते म्हणाले आणि थांबले. मला त्या वाक्याचा पुढचा भाग माहीत होता. मीच कितीदा नातेवाइकांपुढे तो गिळला आहे.

तुम्ही ऑक्सिजनवर होतात तेव्हा कंपनीचा मेल आला. तुम्ही काम सोडून गेल्यामुळे तुमची नेमणूक संपली असून तसं सरकारी खात्याला कळवलं आहे. तुम्ही मोबाईल माझ्याकडे वळवलात आणि मास्कमधून म्हणालात, "बघ, आता मोकळा झालो." मी त्या दिवशी साहेबांचा जीव घेतला असता. खरंच सांगते. समोर असते तर घेतला असता.

शेवटचं बोलणंही तेच. "सोडून दे," तुम्ही म्हणालात. "पोरांचं नुकसान करू नको." मी तुमचा हात धरला होता. हो म्हणाले नाही. तुम्ही वाट बघितलीत, मग डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही फारसं बोललाच नाहीत, म्हणून ते भांडण तसंच राहिलं.

जलदान विधीच्या दिवशी विहारासमोर मांडव होता. सकाळीच पाटोद्याच्या स्टँडवर दुसरा फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोंची मांडणी पहिल्यासारखीच, मध्ये साहेब. भंतेजींचं पठण झालं आणि साहेब खरोखर आले. खास विमानानं आले, असं त्यांच्या माणसांनी दोनदा सांगितलं. आई मला म्हणाल्या, "त्याला च्या दे आधी. रिकाम्या पोटी ऐकायला लावू नी."

मी चहा दिला. त्यांनी घेतला. मग माईक हातात घेतला. "मिलिंद माझा कर्मचारी नव्हता, धाकटा भाऊ होता," असं सुरू केलं. कंपनी हे कुटुंब आहे, म्हणाले. लोक माना डोलवत होते. मी उठले आणि माईकसाठी हात पुढे केला. त्यांना वाटलं मी आभार मानणार. दिला.

"साहेब, तुमच्या भावाला खोकला कधीपासून होता?"

ते म्हणाले, "वहिनी, तिकडे थंडी असते, सगळ्यांनाच..."

"रजा मागितली होती का त्यांनी?"

"वहिनी, ही वेळ नाही."

आई खाली बसूनच बोलल्या. त्यांना माईक लागत नाही. उसाच्या फडात आवाज देऊन देऊन गळा तयार झालेला. "मंग कवा हाय येळ? माझं लेकरू गेलतं तुमच्याकडं चालत. आलं झोपून. ह्याच्या परीस दुसरी येळ कंची?"

सरपंच मला हळूच म्हणाले, "वैनी, जाऊ द्या, लई मोठा माणूस हाय." मी माईक खाली घेतला नव्हता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब उठले. त्यांच्या मागे त्यांची माणसं उठली. तुमच्या मित्रांपैकी एकानेही त्यांच्यासाठी रस्ता केला नाही. त्यांना चपलांच्या ढिगातून जावं लागलं. त्याच मित्रांनी संध्याकाळी स्टँडवरचा फ्लेक्स उतरवला आणि मागची बाजू वर करून आपल्या घरामागच्या शेडच्या गळक्या पत्र्यावर टाकला.

एवढ्यानं माझं भागलं नाही. मी इम्रानला फोन केला. म्हटलं, मी तक्रार करणार आहे. "भाभी, करना ही है," तो म्हणाला. "पन जरा रुको. हमको दुसरी जागा मिलने दो." शुभांगी रडली. "ताई, दादा माझ्यामुळं गप बसले का?" मी खोटं बोलले. नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, कारखान्यावरून, मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. "ताई, माझ्या पोरीचं काई वाईट व्हनार न्हाई ना वो?" मी म्हणाले, होणार नाही.

म्हणजे तुम्ही जिंकलात, तेवढ्यापुरते. मी थांबले. राग घेऊन थांबणं किती कठीण असतं ते मला तोवर माहीत नव्हतं. रोज ड्युटीवर जायचे, इंजेक्शनं द्यायचे, बाळंतिणींना समजवायचे, आणि आतून साहेबांशी बोलत असायचे. त्यांना कळलं मी काहीतरी करणार आहे. त्यांच्या चुलत्यांचा माणूस दवाखान्यात आला. आधी गोड बोलला. म्हणाला, तुम्ही कंत्राटी आहात, कायम होण्याचं बघू. मी कामात आहे म्हणाले. मग म्हणाला, "तुमची बी ऑर्डर दरसाल नव्यानं निघती ना, सिस्टर?"

तुमची बी. बघा, त्याला न कळता तो किती खरं बोलला. तुम्ही स्कॉटलंडला आणि मी पाटोद्याला, पण दोघांचं गप्प बसणं एकाच दोरीला बांधलेलं. त्या क्षणी मला तुमची भीती पहिल्यांदा आतून कळली. आधी मी तिच्यावर चिडायचे. त्या माणसाला मी म्हणाले, "हो, दरसाल निघते. साहेबांना सांगा, तोवर मला पगार चालू आहे आणि इंटरनेटही."

इम्रानला आधी दुसरी कंपनी मिळाली. त्याला वेळ लागला नाही. तिकडे खरंच माणसांची गरज आहे, ते साहेब खोटं बोलले नव्हते. शुभांगीला दोन ठिकाणी नकार आला. तिसऱ्यानं घेतलं. नव्या कंपनीच्या नावाचा परवाना हातात पडला त्या दिवशी तिनं मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, आता." मी आईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बस मंग लिहायला. सैपाकाचं मी बघते."

इंग्रजी माझं दवाखान्यापुरतं. तरी तक्रार मीच लिहिली, शुभांगीनं फक्त दुरुस्त केली. अभियंता म्हणून आणलेला माणूस काय करत होता. आजारी माणसाला काय सांगितलं गेलं. शेडमधले तुमचे फोटो इम्राननं दिले. दोघांनी आपापले जबाब दिले. तिकडच्या खात्याची माणसं न कळवता शेडवर गेली, तेव्हा साहेब गेवराईत होते. नवीन पोरांची निवड करत होते. मुलाखतीच्या मध्येच त्यांना फोन गेला, असं ऐकलं. मला ती खोली बघायला मिळायला हवी होती.

तुम्ही म्हणाल, त्या नव्या पोरांचं काय? एक जण आला होता दवाखान्यात, पाटोद्याचाच. ओपीडीत सगळ्यांपुढे ओरडला, "तुमच्यामुळं माझं परदेश बुडलं!" मी त्याला बसवलं, कपाटात ठेवलेला तुमचा एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला. "हे तुझं परदेश," म्हणाले. त्याला पटलं असेल असं मला वाटत नाही. शिव्या देतच गेला. पण चालत गेला, खोकल्याशिवाय. मला तेवढं पुरे आहे.

माझी ऑर्डर यंदा अजून निघालेली नाही. बाकीच्यांच्या निघाल्या. बघू. आई म्हणतात, नाही निघाली तर कोयता आहे घरात. त्या चेष्टा करतात की नाही, मला कळत नाही.

आणि तुम्हाला सांगते, मला बरं वाटलं. सूडानं माणूस आतून रिकामा होतो वगैरे मी ऐकलं होतं. माझ्या बाबतीत तसं झालं नाही. मला भूक लागली. कितीतरी दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या. तुम्ही परत आला नाहीत हे खरं, पण तुम्ही परत यावेत म्हणून मी हे केलंच नव्हतं. त्यांनी परत कुणाला धाकटा भाऊ म्हणू नये म्हणून केलं.

काल साहेबांचा फोन आला. मी नाव बघून घेतला. त्यांचा आवाज बसलेला होता.

"झालं समाधान, वहिनी?"

"नाही अजून."

"चाळीस वर्षांची आमच्या घराची इज्जत..."

"तुमच्या घराशी माझं काही नाही, साहेब. तुमच्याशी आहे."

ते थोडा वेळ नुसता श्वास घेत होते. चांगला, मोकळा श्वास. मग म्हणाले, "तुम्ही काहीही म्हणा. मिलिंद असता तर त्यानं मला माफ केलं असतं."

"केलं असतं," मी म्हणाले. "म्हणूनच तुम्ही त्यांना निवडलंत."

फोन ठेवायची घाई मी केली नाही. ते ठेवीपर्यंत कानाला धरून उभी राहिले.